एका बाईची रांग

मतदानाच्या दिवशी माझी माय पांढरं लुगडं नेसते. एरवी ते पेटीत असतं, डांबरगोळ्या घालून. बुद्धपौर्णिमेला निघतं, दीक्षेच्या दिवशी निघतं आणि मतदानाला निघतं. पहाटे उठून डोक्यावरून पाणी घ्यायचं, चहाचा घोटसुद्धा नाही, आणि शाळेचं फाटक उघडायच्या आत ही बाई फाटकाशी हजर. लोकसभा असो, विधानसभा असो, नाहीतर ग्रामपंचायत, गावातला पहिला नंबर आमच्या मायचा. मी तिला चिडवायची, "माय, दुपारी गेली तरी मत तेवढंच भरते व." ती म्हणायची, "मत तेवढंच भरते, नंबर नाही भेटत."

नंबराचं हे वेड आमच्या घरात आज्यापासून आलं. आजा म्हणजे माझ्या बापाचा बाप, मायचा सासरा. दीक्षा घेतल्यानंतरच्या पहिल्याच मतदानाला तो शाळेपुढं रांगेत उभा होता. तेवढ्यात गावचे पाटील आले आणि रांग आपोआप बाजूला झाली. आजा हलला नाही. पाटलानं विचारलं, "काहून बे, दिसत नाही काय?" आजा म्हणाला, "दिसते ना. पण लाईन हाय." मतदान घेणारा मास्तर बाहेर आला, त्यानं दोघांकडे पाहिलं आणि सांगितलं, रांगेनं या. ज्या पाटलाच्या विहिरीवर आमच्या बायांना पोहरा टाकता येत नव्हता, तो पाटील त्या दिवशी आज्याच्या पाठीमागं उन्हात उभा राहिला. आज्यानं ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली आणि दरवेळी त्यातलं ऊन थोडं वाढवलं.

माय सून होऊन आली तेव्हा पहिल्या मतदानाला आज्यानंच तिला पांढरं लुगडं घेऊन दिलं आणि स्वतः पुढं चालत शाळेपर्यंत नेलं. म्हणून मायनंही तिच्या सुनेसाठी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोसाठी, एक पांढरं पातळ घाटंजीच्या बाजारातून घेऊन ठेवलं होतं. पोरगी नवीन होती, लोकसभेचं मत तिनं कधी दिलं नव्हतं. "यंदा आमी दोघी जाऊ," असं माय पावसाळ्याआधीपासून सांगत होती, मतदान पुढच्या उन्हाळ्यात असताना.

ते पातळ पावसाळ्यातच निघालं. आम्ही ते तिच्या अंगावर पांघरलं.

आमच्या गावाच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये एक नाला आहे. आठ महिने त्यात बकऱ्या चरतात. पावसाळ्यात तो असा काही येतो की पलीकडच्या माणसाशी ओरडूनही बोलता येत नाही. भावजयीला सकाळी कळा सुरू झाल्या. फोन केल्यावर सरकारी ॲम्ब्युलन्स आली, पण पलीकडच्या काठावर आली आणि तिथंच लाल दिवा लावून उभी राहिली. माझा भाऊ मालकाकडे धावला. मालक म्हणजे त्याच पाटलाचा नातू. माझा भाऊ त्याच्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार आहे, त्याचा ट्रॅक्टर चालवतो, त्याच ट्रॅक्टरनं त्यानं आदल्या वर्षी असल्याच पाण्यातून खताची पोती काढली होती. त्यानं चाबी मागितली. मालक म्हणाला, "नवा ट्रॅक्टर आहे. वाहून गेला तर कोण जबाबदार? पाणी उतरू दे."

पाणी दुपारनंतर उतरलं. तोवर मायनं आपल्या हातांनी बाळंतपण केलं होतं. मुलगी झाली, रडली, ठणठणीत. पण आईचं रक्त थांबेना. गावातल्या माणसांनी तिला बाजेवर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून पार केलं. सगळ्या जातीचे हात होते त्या बाजेला, हे मला सांगितलंच पाहिजे. दवाखान्याच्या फाटकातच ती गेली. मी घाटंजीलाच राहते, तिथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मी आधीच फाटकाशी येऊन थांबले होते. ॲम्ब्युलन्समधून तिला उतरवलं तेव्हा तिचे पाय अजून ओले होते.

मालक मातीला आला. लाकडंही त्यानंच पाठवली. माझ्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काही लागलं तर सांग." भावानं मान डोलावली. चाबीचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही, आणि पुढच्याच आठवड्यात भाऊ त्या ट्रॅक्टरवर बसून पिकात डवरणी करायला गेला. मला इतका संताप आला होता की मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. माय मात्र म्हणाली, "त्यानं काय खावं मंग? तुह्या पुस्तकाचे पानं?"

माय पोरीला वाढवत होती. शेजारची गाय, वाटी-चमचा, रात्रभर कडेवर. म्हातारपणी तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. पोर तिच्याशिवाय कुणाकडे जात नसे, बापाकडेही नाही.

उन्हाळ्यात लोकसभा लागली. आमचं गाव जिल्ह्यानं यवतमाळचं, पण लोकसभेला आम्हाला चंद्रपुराच्या मतदारसंघात टाकलेलं. उमेदवार कोण, त्याचं तोंड कसं, हे गावात कुणी पाहिलेलं नसतं. मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि ठरलं की या वेळी बहिष्कार. पूल नाही तर मत नाही. मागणी खरी होती. मी तिथं असते तर मीही हात वर केला असता. पण बैठकीनंतर फ्लेक्स लागले. एक पारावर, एक नाल्याच्या उतारावर. त्यावर माझ्या भावजयीचा फोटो, लग्नातला, भावाला कापून टाकलेला, त्याच्या हाराची कड तेवढी राहिलेली. खाली मोठ्या अक्षरांत "आणखी किती जीव घेणार?" आणि त्याखाली हात जोडलेला मालक. बहिष्काराचा पुढारी तोच होता, फ्लेक्सही त्यानंच छापून आणले होते.

मायला कुणी विचारलं नव्हतं. फोटो भावानं दिला होता. ती नाल्याजवळच्या हापशीवर कपडे धुवायला गेली तेव्हा तिला सून दिसली, मालकाच्या डोक्यावर. ती कपडे तसेच घेऊन परत आली.

त्याच आठवड्यात पोरीला लस द्यायची म्हणून ती माझ्याकडे घाटंजीला आली. पोर झोळीत झोपलेली, मी पोरांना शिकवायचा धडा चाळत बसलेली. अचानक माय म्हणाली, "म्या मत देणार हाय."

मी पुस्तक मिटलं. "गावानं नाही म्हटलंय ना?"

"गावानं म्हटलं. मले कोणी इचारलं? ज्यानं चाबी नाही देली, त्याच्या फलकाखाली मी बसू काय?"

मला वाटलं, हिला समजावून सांगावं. माझा धंदाच तो. मी म्हटलं, "माय, तू एकटी मत देशील तर ते मत उघडं पडेल. कागदाच्या चिठ्ठ्या होत्या तेव्हा मोजायच्या आधी गावोगावच्या पेट्या एकात एक मिसळायचे. आता मशीन आहे. गावाच्या मशीनचा गावाला वेगळा आकडा लागते. एकच मत पडलं तर ते कोणाचं अन् कोणाले, शेंबड्या पोराले पण समजन."

"समजू दे."

"अन् फायदा काय त्याचा? आपल्या वस्तीचं मत जन्मात कधी निवडून आलेल्या माणसाले पडलं काय?"

हे खरं होतं. आमच्या वस्तीनं आजवर ज्याला मत दिलं तो पडला. निवडणूक झाली की पलीकडच्या आळीतली माणसं हसून म्हणत, घातलं का वाया? हातातला धडा तोच होता म्हणून मी तिला प्रमाणशीर प्रतिनिधित्व सांगितलं, म्हणजे जितकं एका म्हातारीला सांगता येईल तितकं. काही देशांत ज्याला जास्त मतं तो सगळं घेऊन गेला असं नसतं. तिथं देशभरातली मतं पक्षापक्षाच्या नावानं एकत्र करतात आणि ज्याच्या वाट्याला जेवढी मतं, त्या मापानं त्याला जागा मिळतात. कोपऱ्यातल्या गावातल्या एका बाईचं मत तिच्या गावात हरलं तरी दुसऱ्या गावातल्या बाईच्या मतात जाऊन मिळतं.

माय लक्ष देऊन ऐकत होती. "मंग तिकडं कोणी वाया घातलं म्हणत नसन."

"कमी म्हणत असतील."

"अन् पूल असतीन त्यायच्या गावात?"

"असतील माय."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि झोळीला झोका दिला. "ते लोकं घरी बसले तरी चालते. मले चालत नाही."

मी तिला दुसऱ्या बाजूनंही सांगून पाहिलं. वस्तीतल्या आणखी चार बायांना सोबत घे, म्हणजे निदान तुझं मत त्यांच्यात झाकलं जाईल. तिनं सगळ्यांना विचारलं होतं. सगळ्यांचे नवरे, पोरं कुणा ना कुणाच्या वावरात कामाला. एक म्हणाली होती, "तू मोठी हिंमतवाली, तुह्या मांगं कोण हाय?" म्हणजे नवरा गेला, सून गेली, तिच्यामागं कोणी उरलं नाही, तिला काय धाक, असं. मायला ते लागलं होतं.

तिच्यामागं होतं ना. मतदानाच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. मास्तरकी करून माझी निवडणुकीची ड्युटी कधी चुकली नाही, पण त्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे रद्द झाली होती. चुलीपुढं आम्ही तिघं बसलो होतो, पोर मायच्या मांडीत. भाऊ भाकर तोडता तोडता थांबला.

"माय, तू उद्या शाळेत गेली तर मी पोरीले घेऊन निंगून जाईन."

"कुठं जाशीन?"

"मालकाच्या वावरात खोली हाय. मालक म्हणते, घरात एक अन् बाहेर एक चालत नाही. मले आंदोलनात समोर उभं केलं अन् माहीच माय मत टाकून येते, तर मी तोंड कुठं दाखवू? काम सुटन माहं."

"पोरीले कोण पाहीन तिथं?"

"मी पाहीन."

"तू?" माय हसली. खरंच हसली. "तुले दुधाची वाटी धरता येते काय?"

भाऊ ताटावरून उठून गेला. मी मायला म्हटलं, खूप चिडून म्हटलं, की बाई, अक्कल गहाण ठेवली काय? एका मतासाठी पोर घालवशील? ती नात तुझ्या अंगाचा तुकडा झाली आहे, तिच्याविना तू मरशील. माय म्हणाली, "तो नाही नेत. बोलते नुसता. बापासारखा हाय, बोलून मोकळा होते." आणि पेटीतून लुगडं काढून तिनं उशाशी ठेवलं. मला तिचा राग आला, भावाचा आला, मालकाचा तर होताच. आणि खरं सांगायचं तर त्या लुगड्याचाही आला.

सकाळी मी तिच्यासोबत निघाले. पोरीला तिनं दूध पाजून झोपवलं होतं, त्यात यंदा उशीर झाला होता, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ऊन तेव्हाच चटका देत होतं. पाराशी माणसं बसली होती, मालक मध्ये खुर्चीवर, मालकाच्या खुर्चीमागं माझा भाऊ उभा. वर फ्लेक्समध्ये त्याची बायको. कुणी आम्हाला अडवलं नाही, शिवी दिली नाही. एक जण फक्त म्हणाला, "सुनेले तरी पाह्य व." माय थांबली. तिनं वर पाहिलं, चांगलं पाहिलं, आणि म्हणाली, "पाहून राह्यली." मग पदर सारखा करून पुढं चालू लागली.

शाळेच्या मैदानात चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. एक बायांसाठी, एक माणसांसाठी. रांगेत उभं राहणाऱ्यांना ऊन लागू नये म्हणून मांडव घातला होता, पाण्याचा रांजण होता, त्यावर झाकण, झाकणावर ग्लास. मांडवात कुणी नव्हतं. फाटक उघडं होतं, वाट्टेल तेव्हा आत जाता आलं असतं. पण माय बायांच्या रेघेच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. पोलिसानं हात केला, "या ना आजी, या आत." ती म्हणाली, "नंबर येऊ द्या." पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या कडेला उभी राहिले. माझं मत घाटंजीला होतं, मला त्या रांगेत उभं राहता येत नव्हतं. माय मागं वळून पाहत होती, कुणी येतं का. वस्तीच्या गल्लीतून कुत्रं आलं, पाणी पिऊन गेलं.

शेवटी आतून मतदान अधिकारी बाहेर आला, यवतमाळचा कुणीतरी कारकून असावा, त्याचंही मत इथं नव्हतं. "चला आजी, तुमचाच नंबर आहे." तेव्हा ती आत गेली. मी बाहेरून खिडकीतून पाहत होते. त्यानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं, उमेदवारांची माणसं बसतात त्या रिकाम्या बाकाकडे बघून वाचलं, कारण नियम तसा आहे. शाई लावली. अंगठा घेतला. ती पुठ्ठ्यामागं गेली आणि बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, आता ही परत फिरते. मग मशीनचा तो लांब आवाज आला. एरवी गडबडीत तो कुणाला ऐकू जात नाही. त्या दिवशी तो पारापर्यंत गेला, हे मला नंतर कळलं.

घरी आलो तर झोळी रिकामी होती. बाटली, वाटी, दोन झबले, टोपी, सगळं गेलं होतं. शेजारीण दारात उभी राहून रडत म्हणाली, "मी नाही म्हटलं बाई, पण बाप हाय ना तो." माय झोळीत हात घालून चाचपत राहिली. मग खाली बसली आणि ऊर बडवून रडली, पांढऱ्या लुगड्यात. मी तिला धरलं.

पुढचे दिवस वाईट गेले. गावानं मायला वाळीत टाकलं असं नाही, आता तसं कुणी करत नाही, कायदा आहे. फक्त दळण घेऊन गेली की गिरणी बिघडलेली असायची. शेजारणीच्या गाईचं दूध आटलं. दुकानात तिच्याआधी सगळ्यांचा नंबर लागायचा, पोरासोरांचाही. माय रोज वावराच्या बांधापर्यंत चालत जाई आणि तिथून पोरीचं रडणं ऐकून परत येई. आत जायची तिची हिंमत होत नव्हती, कारण भावानं सांगितलं होतं, आत आली तर मी गाव सोडीन. मी एकदा गेले. पोरीच्या अंगावर घामोळं, डोळ्यांत काजळ नाही, भावाच्या हाताला भाजलेलं. मी म्हटलं, "लाज वाटते काय रे?" तो म्हणाला, "ताई, तू पगारदार हायस. तू नको बोलू."

मतदानाला आठवडा झाला आणि यवतमाळकडचं मतदान आलं. तो दुसरा मतदारसंघ, आमच्या नंतरचा टप्पा. संध्याकाळी मोबाईलवर मालकाचं स्टेटस दिसलं. गॉगल लावलेला, शाई लावलेलं बोट वर केलेलं, खाली ओळ, "मी माझं कर्तव्य केलं, तुम्हीही करा." त्याचं घर यवतमाळला आहे, पोरं तिथं शिकतात. त्याचं नाव तिथल्याच यादीत होतं. गावातल्या बहिष्कारात त्याचं मत कधी नव्हतंच. गावातल्या दोघा-तिघांना मी तो फोटो पाठवला. एकानं उत्तर दिलं, "तिकडचं तिकडे मॅडम, तिथं पुलाचा प्रश्न नाही ना." मायला दाखवला तर ती बोटाकडे बघत राहिली. आपलं बोट तिनं पदरात घेतलं.

मोजणी झाली तेव्हा मी गावीच होते. उन्हाळ्याची सुट्टी. मोजणीच्या टेबलापाशी उमेदवारांची माणसं बसतात, मशीनचा आकडा लागला की तिथंच लिहून घेतात. दुपारी आमच्या गावाचं मशीन उघडलं आणि तासाभरात प्रत्येक मोबाईलवर तेच. अमुक गाव, एकूण मत एक. आणि ते कुणाला, तेही. माणसं दारापुढून जाताना त्या निशाणीचं नाव मोठ्यानं घेत होती आणि हसत होती. ती निशाणी कोणती होती, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी इथं लिहिणार नाही. तेवढं तरी तिचं तिच्यापाशी राहू द्या.

मी दार लोटून घेतलं, तेवढ्यात भाऊ आला. कडेवर पोर. तापानं फणफणलेली, मान टाकलेली. तो दारातच उभा राहून म्हणाला, "माय, हे दूधच घेऊन नाही राह्यली." मायनं पोर ओढून घेतली, छातीशी धरली, ओल्या फडक्यानं पुसायला लागली. भाऊ उंबऱ्यावर टेकला. महिना-दीड महिन्यात त्याची हाडं वर आली होती.

मला गप्प बसता आलं असतं. पण बाहेरून पुन्हा कुणीतरी ओरडत गेलं आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "ऐकलं का? तुह्या मायचं मत चौकात वाजवून राह्यले. अन् तुहा मालक यवतमाळले मत देऊन बोट दाखवते जगाले. माहीत हाय काय तुले?"

"माहीत हाय," भाऊ म्हणाला.

"कधीपासून?"

"मीच घेऊन गेलतो त्याले. गाडी म्याच चालवली."

मी काही बोलणार तोच तो पुढं सांगायला लागला, खाली जमिनीकडे बघत, जणू कुणी विचारतंय. "लय मोठी लाईन होती ताई. शहरातली. अन् ऊन असं. मालक म्हणे, तू लाईनीत थांब, मी गाडीत बसतो, एसी चालू ठेव म्हणे. मंग मी थांबलो. पोट्टी खोलीत एकटी झोपून होती, माहं ध्यान तिकडं. मांगचा माणूस म्हणे, तुहं कार्ड दाखव. म्या म्हटलं, माहं नाही, मालकाचं मत हाय."

मायचा फडक्याचा हात थांबला.

"दरवाज्यापर्यंत नंबर आला," भाऊ म्हणाला. "मंग मालकाले फोन केला. ते उतरून आले."

"अन् तू?" मायनं विचारलं.

"मी बाजूले झालो."

पोर कण्हली. मायनं तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिच्या बोटावरची शाई एव्हाना नखाच्या टोकाला येऊन पोचली होती, तेवढी काळी चंद्रकोर पोरीच्या पाठीवर दिसत होती. भिंतीवर आज्याचा फोटो होता, ती त्याच्याकडे बघेल असं मला वाटलं, पण ती माझ्या भावाकडेच बघत होती.

"उन्हात उभा होता काय?" तिनं विचारलं.

"हाव."

"डोक्यावर काही घेतलं होतं?"

"नाही."

"पाणी पेला?"

भावानं मान हलवली, नाही म्हणून, आणि मग तो लहान पोरासारखा रडायला लागला. माय त्याच्याजवळ गेली नाही. पोरीला थोपटत ती तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "रडू नको. तापली हाय ते, दचकन."